व्हिप नसलेली खोली : २८ एप्रिल २०११ची लोकलेखा समिती

एकवीस खासदारांच्या एका समितीला एकाच दिवशी दोन अध्यक्ष मिळाले. सकाळी बैठक सुरू झाली तेव्हा खुर्चीत भाजपचे मुरली मनोहर जोशी होते. दिवस मावळेपर्यंत त्याच समितीतल्या अकरा सदस्यांनी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य सैफुद्दीन सोझ यांना खुर्चीत बसवलं होतं आणि जोशींनी तयार केलेला टू-जी स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवेच्या ध्वनिलहरींच्या, वाटपावरचा मसुदा अहवाल फेटाळल्याचं जाहीर केलं होतं. जोशींचं म्हणणं होतं की बैठक आपण आधीच तहकूब केली, त्यामुळे नंतर झालेलं सगळं निरर्थक. काँग्रेसचं म्हणणं होतं की अध्यक्ष उठून गेले, समिती मात्र जागेवर होती.

संसदेची समिती आणि राजकीय पक्ष यांपैकी खासदाराच्या वागण्यावर कोणाची पकड जास्त, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या वर्गात अनेकदा हवेतच राहतो. मला तो याच दिवसापाशी आणून तपासावासा वाटतो. इथे माणसं तीच, खोली तीच, कागदपत्रंही तीच होती. सहा महिन्यांत त्यांचं वागणं मात्र ओळखू येणार नाही इतकं बदललं. ते का बदललं याचं उत्तर पुराव्यांत सापडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १० जानेवारी २००८ रोजी दूरसंचार खात्याने एका दिवसात मोबाइल सेवेच्या १२२ परवान्यांचा मार्ग मोकळा केला. संपूर्ण देशाच्या परवान्याची किंमत होती १,६५८ कोटी रुपये, म्हणजे २००१ सालचाच दर. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वाचा अर्थ ऐन वेळी बदलला गेला आणि अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख मागे ओढली गेली, हे आक्षेप तेव्हापासूनचे. १६ नोव्हेंबर २०१० रोजी कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात संभाव्य नुकसानीचे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज होते. लोकांच्या लक्षात राहिला तो सर्वांत मोठा, १ लाख ७६ हजार कोटींचा. काँग्रेसच्या आघाडीतल्या द्रमुकचे दूरसंचार मंत्री ए. राजा यांनी दोनच दिवस आधी राजीनामा दिला होता.

कॅगचा अहवाल आला की तो तपासायचा लोकलेखा समितीने, ही आपली जुनी रीत. ही समिती १९२१ पासूनची आहे. लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात असे तिचे बावीस सदस्य असतात. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी हे असे पहिले अध्यक्ष. बैठका बंद दाराआड होतात. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या ध्यानात असते. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातली पक्षांतरबंदी सभागृहातल्या मतदानाला लागू होते, समितीतल्या मतदानाला नाही. पक्षाच्या भूमिकेविरुद्ध समितीत हात वर केला म्हणून कोणाची खासदारकी जात नाही. कागदावर तरी ही खोली व्हिपमुक्त, म्हणजे पक्षाच्या बंधनकारक आदेशापासून मोकळी आहे.

म्हणूनच या खोलीत वेगळं वातावरण दिसतं, असं संसदेचं कामकाज जवळून पाहणारे सांगतात आणि ते खरं आहे. सभागृहात एकमेकांवर ओरडणारे सदस्य समितीच्या टेबलाभोवती शेजारी बसतात आणि सचिवाला एकाच सुरात धारेवर धरतात. कॅमेरा नसतो, मतदारसंघाला दाखवायला काही नसतं. फाइलमधल्या टिपणीचा अर्थ काढणं हेच काम उरतं. टू-जीच्या बाबतीतही सुरुवातीचे महिने असेच गेले. दूरसंचार खात्याचे अधिकारी, कॅग आणि सीबीआय यांच्या साक्षी झाल्या. एप्रिल २०११च्या सुरुवातीला उद्योगपती रतन टाटा आणि अनिल अंबानी, तसंच कंपन्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडिया समितीपुढे आल्या. एवढ्या मोठ्या उद्योगपतींना समितीने बोलावून प्रश्न विचारले, ही घटना लहान नव्हती आणि ती सत्ताधारी सदस्य समितीत असतानाच घडली.

सभागृहात तेव्हा काय चाललं होतं ते पाहिलं की फरक कळतो. २०१०चं हिवाळी अधिवेशन, ९ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर, जवळजवळ संपूर्ण वाया गेलं. भाजप आणि इतर विरोधकांची एकच मागणी होती : संयुक्त संसदीय समिती, म्हणजे जेपीसी, नेमा. सरकार म्हणत होतं, लोकलेखा समिती आहे ना, तीही विरोधी पक्षाच्याच ज्येष्ठ नेत्याच्या अध्यक्षतेखाली. आणखी समिती कशाला? पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी डिसेंबरमध्ये दिल्लीतल्या काँग्रेसच्या महाअधिवेशनात आपण लोकलेखा समितीपुढे यायला तयार असल्याचं सांगितलं आणि जोशींना तसं कळवलंही.

त्या क्षणी जोशींची स्थिती पाहण्यासारखी होती. त्यांचा पक्ष रस्त्यावर आणि सभागृहात सांगत होता की लोकलेखा समितीला मर्यादा आहेत, ती हिशेब तपासते, मंत्र्यांना बोलावत नाही, म्हणून जेपीसी हवी. समितीचा अध्यक्ष या नात्याने जोशी सांगत होते की समितीचे अधिकार व्यापक आहेत आणि ती आपलं काम करते आहे. पक्षाच्या मागणीची धार त्यांच्या या बोलण्याने बोथट होत होती, आणि ती नाराजी त्या दिवसांत वृत्तपत्रांतून उघडपणे वाचायला मिळत होती. खुर्चीने माणसाला पक्षापासून थोडं दूर ढकललं होतं. ‘समिती खासदाराला घडवते’ असं आपण म्हणतो तेव्हा ते याच अर्थाने असतं. ज्या पदावर बसतो त्या पदाची प्रतिष्ठा माणसाला आपली वाटायला लागते.

याच समितीत हे आधीही एकदा घडलं होतं आणि त्याहून तीव्रपणे. ऑगस्ट २००९ मध्ये जिनांवरच्या पुस्तकावरून भाजपने जसवंत सिंह यांना पक्षातून काढलं. ते तेव्हा लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. पक्षाने अध्यक्षपद सोडायला सांगितलं. जसवंत सिंह यांनी ते लगेच मानलं नाही, कारण अध्यक्षाची नेमणूक लोकसभेचा अध्यक्ष करतो, पक्ष नाही. पक्षाने सुचवलेला माणूस एकदा खुर्चीत बसला की त्याला उठवण्याचं साधन पक्षाच्या हाती राहत नाही. चार महिने हा पेच चालला. डिसेंबरअखेर त्यांनी राजीनामा दिला आणि अध्यक्षपद गोपीनाथ मुंडे यांच्याकडे आलं. त्यानंतर जोशी आले. नियम जसवंत सिंह यांच्या बाजूने होता आणि संकेत पक्षाच्या बाजूने. शेवटी संकेत जिंकला. पक्षाबाहेर पडलेला माणूस विरोधी पक्षाच्या वाट्याची खुर्ची किती काळ अडवणार, या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर नव्हतं, तरी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये सगळं पालटलं. २ तारखेला राजांना अटक झाली. २२ तारखेला पंतप्रधानांनी लोकसभेत जेपीसी नेमायला मान्यता दिली आणि मार्चमध्ये काँग्रेसचे पी. सी. चाको यांच्या अध्यक्षतेखाली तीस सदस्यांची समिती बसली. आता दोन समित्या एकाच विषयावर काम करत होत्या, एकीचा अध्यक्ष भाजपचा आणि दुसरीचा काँग्रेसचा.

इथून पुढे दोन्ही पक्षांची वाक्यं शब्दशः अदलाबदल झाल्यासारखी वाटतात. डिसेंबरमध्ये लोकलेखा समिती पुरेशी आहे म्हणणारी काँग्रेस एप्रिलमध्ये म्हणू लागली की जेपीसी आली, प्रकरण न्यायालयातही आहे, तेव्हा लोकलेखा समितीने थांबावं. डिसेंबरमध्ये लोकलेखा समिती अपुरी म्हणणारा भाजप एप्रिलमध्ये म्हणू लागला की या समितीच्या कामात अडथळा आणणं म्हणजे संसदेचा अवमान. मला यात कोणा एका पक्षाचा दोष काढायचा नाही. समित्यांबद्दलची पक्षांची मतं समितीच्या अधिकारांवर किंवा तिच्या गुणवत्तेवर बेतलेली नव्हती, तर खुर्चीत कोण आहे यावर होती, हे इथे इतकं उघडं पडतं की त्याची नोंद झाली पाहिजे.

एप्रिलच्या मध्यात समिती सरकारच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत पोचली तेव्हा बैठकांत आवाज चढू लागले. जोपर्यंत प्रश्न दूरसंचार खात्याचे होते, राजांचे होते, कंपन्यांचे होते, तोपर्यंत काँग्रेस सदस्यांना ते विचारायला अडचण नव्हती. मसुद्यात पंतप्रधान कार्यालयावर आणि परवाने दिले गेले तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांच्यावर ताशेरे आले, आणि अडचण सुरू झाली. मसुदा बैठकीच्या आधीच वृत्तपत्रांत फुटला. द्रमुकचीही दुखरी नस त्याच आठवड्यात दाबली गेली होती : २५ एप्रिलला सीबीआयने पुरवणी आरोपपत्र दाखल केलं आणि त्यात पक्षप्रमुख करुणानिधी यांच्या कन्या, खासदार कनिमोळी यांचं नाव आलं. तमिळनाडूत मतदान होऊन गेलं होतं, निकाल १३ मेला लागायचे होते.

घाई आणखी एका कारणाने होती. लोकलेखा समितीची मुदत एक वर्षाची असते आणि त्या समितीची मुदत ३० एप्रिलला संपत होती. २८ला अहवाल स्वीकारला गेला नाही तर तो लटकणार, हे जोशींना माहीत होतं, आणि विरोध करणाऱ्यांनाही. मुदत जवळ आली की चर्चेला जागा उरत नाही. मसुद्यातला कोणता परिच्छेद ठेवायचा, कोणता सौम्य करायचा, हे बोलायला आठवडे लागतात. त्या दिवशी त्यासाठी काही तासच होते.

आता आकडे. समितीत तेव्हा बावीसपैकी एकवीस सदस्य होते. काँग्रेसचे सात आणि द्रमुकचे दोन, म्हणजे नऊ. समाजवादी पक्षाचा एक आणि बहुजन समाज पक्षाचा एक. उरलेले दहा भाजप आणि इतर विरोधी पक्षांचे. सप आणि बसप दोघेही केंद्रातल्या सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते आणि उत्तर प्रदेशात एकमेकांचे कट्टर वैरी होते. ते कुठे जातील यावर सगळं अवलंबून होतं. ते विरोधकांबरोबर गेले असते तर बारा विरुद्ध नऊ. त्या दिवशी ते काँग्रेसबरोबर गेले आणि अकरा विरुद्ध दहा झालं. लखनौमध्ये एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचे सदस्य दिल्लीतल्या एका बंद खोलीत एकाच बाजूला उभे राहिले, आणि त्यांना तसं करायला लावणारा कोणताही कायदेशीर व्हिप अस्तित्वात नव्हता. पाठिंब्याचं गणित व्हिपपेक्षा भारी ठरलं.

बहुमत आपल्याकडे आहे असं कळल्यावर काँग्रेसच्या सदस्यांनी मतदानाची मागणी केली. समितीत प्रश्नाचा निकाल उपस्थित सदस्यांच्या बहुमताने लागतो. अध्यक्षाला निर्णायक मत असतं ते फक्त मतं समसमान पडली तर. जोशींनी मतदान न घेता बैठक आवरली आणि ते बाहेर पडले. विरोधी सदस्यही गेले. मग सत्ताधारी बाजूने लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम २५८चा आधार घेतला. बैठकीला अध्यक्ष हजर नसेल तर समिती त्या बैठकीपुरता दुसरा सदस्य निवडू शकते, असं तो सांगतो. सोझ निवडले गेले. सरकारमधले मंत्री पडद्याआडून सूत्रं हलवत होते, असा आरोप जोशींनी बाहेर येऊन केला. दोनच दिवसांनी, ३० एप्रिलला, त्यांनी आपला अहवाल लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला. जूनमध्ये तो परत आला : समितीने स्वीकारलेला नाही, त्यामुळे समितीचा अहवाल म्हणून घेता येत नाही.

माझ्या वाचनात या प्रकरणाची खरी गाठ मतदानात नाही. ती एका जुन्या नियमात आहे. लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही. जेपीसीला, विधेयकावरच्या निवड समितीला, १९९३ पासूनच्या विभागनिहाय स्थायी समित्यांना ती मुभा आहे. हिशेब तपासणाऱ्या समितीला नाही. यामागचा विचार चांगला होता. भिन्नमत लिहायची सोयच नसेल तर सदस्य एकमेकांशी बोलतील, शब्द घासूनपुसून घेतील आणि एकमुखी अहवाल देतील. आणि एकमुखी अहवाल सरकारला टाळता येत नाही. अनेक दशकं हे चाललंही. या नियमाने कित्येक खासदारांना पक्ष बाजूला ठेवायला लावलं, कारण दुसरा मार्गच नव्हता.

पण तडजोड करण्याची इच्छाच संपली की हाच नियम उलटतो. काँग्रेसच्या सदस्यांना ‘आम्हाला अहवाल मान्य, पण पंतप्रधान कार्यालयावरचे परिच्छेद अमान्य’ असं लिहून देता येत नव्हतं. जोशींना ‘बहुमताने हे निष्कर्ष वगळले, माझं मत सोबत जोडलं आहे’ असं म्हणता येत नव्हतं. त्यांच्यापुढे दोनच दारं होती : सगळा अहवाल घ्या किंवा सगळा फेका. मग अहवाल फेकला गेला, आणि त्यासोबत सहा महिन्यांच्या साक्षी, उलटतपासण्या, अधिकाऱ्यांची लेखी उत्तरं हे सगळं समितीचं म्हणून सभागृहापुढे येण्याची वाटही बंद झाली. आजही मला याचं वाईट वाटतं. निष्कर्षांवर भांडण असू शकतं. पण कोणत्या फाइलवर कोणत्या तारखेला कोणी काय लिहिलं हे तरी संसदेच्या अधिकृत अहवालात यायला हवं होतं.

जोशींच्या बाजूनेही एक प्रश्न विचारायला हवा. मसुदा लिहिताना आपल्या समितीत नऊ सदस्य सत्ताधारी आघाडीचे आहेत आणि दोन कुंपणावर आहेत, हे त्यांना माहीत होतं. एकमताची परंपरा असलेल्या समितीत अध्यक्षाचं कौशल्य असतं ते हाच अंदाज घेण्यात : कोणता निष्कर्ष सर्वांना पेलवेल, कोणता पुरावा फक्त मांडून ठेवावा आणि अर्थ वाचणाऱ्यावर सोडावा. त्यांनी तडजोडीऐवजी टोकदार मसुदा निवडला. डिसेंबरमध्ये पक्षापासून चार पावलं लांब उभा असलेला अध्यक्ष एप्रिलमध्ये पक्षाच्या भूमिकेच्या अगदी जवळ आला होता. त्यांना निष्कर्ष पुराव्यांतून तसेच दिसले असतील, ही शक्यता मी नाकारत नाही. परंतु पुरावा कितीही सबळ असला तरी समितीचा अहवाल हा अध्यक्षाचा निकाल नसतो. अकरा मतं नसतील तर तो फक्त एका खासदाराचा निबंध उरतो.

मग समितीत खासदार पक्षमुक्त वागतो हे खोटं का? नाही. ते अर्धं खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते या प्रकरणात कळतं. साक्ष घेताना सदस्य समितीचा असतो. अधिकारी चुकीचं उत्तर देतो तेव्हा सत्ताधारी सदस्यालाही राग येतो, कारण त्याची स्वतःची बुद्धी पणाला लागलेली असते. निष्कर्षावर नाव घालायची वेळ आली की तो पक्षाचा होतो, कारण त्या कागदाला बाहेर किंमत असते. समितीवर कोणाला पाठवायचं हे पक्ष ठरवतो. निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने होते असं नियम सांगतो, प्रत्यक्षात पक्ष तितकीच नावं देतात आणि बिनविरोध निवड होते. पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्यायचं की नाही, मंत्रिपद, पुढच्या निवडणुकीचं तिकीट, हे सगळं त्याच हातात. व्हिप फक्त सर्वांत बोजड हत्यार आहे. बाकीची हत्यारं खोलीच्या दाराशी काढून ठेवली जात नाहीत.

तुलनेसाठी एक प्रकरण आपल्या जवळचं आहे. ऑगस्ट २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांच्या अंशांवर जेपीसी नेमली गेली. सत्तेत वाजपेयींचं सरकार होतं आणि अध्यक्ष होते विरोधी बाकांवरचे शरद पवार. पंधरा सदस्यांच्या त्या समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये एकमताने अहवाल दिला, पेयांत कीटकनाशकं असल्याचा निष्कर्ष उचलून धरला आणि मानकं कडक करायला सांगितलं. सार्वत्रिक निवडणूक दारात असतानाही कोणी उठून गेलं नाही. तिथेही पक्ष होतेच, पण कोणत्याच पक्षाच्या नेत्याचं नाव त्या बाटलीत नव्हतं. सदस्यांना एकमेकांशी सहमत होण्याची किंमत मोजावी लागली नाही.

टू-जीच्या जेपीसीला ती मोजावी लागली. तिच्या तपासाचा काळ १९९८ पासूनचा ठरवला गेला, म्हणजे भाजपच्या सत्तेची वर्षंही तपासली जाणार होती. पंतप्रधानांना आणि चिदंबरम यांना साक्षीला बोलवा, ही भाजप सदस्यांची मागणी चाकोंनी मान्य केली नाही. राजा स्वतः यायला तयार असूनही त्यांना बोलावलं गेलं नाही; त्यांनी लेखी निवेदन दिलं. दरम्यान, २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले होते. समित्या भांडत असताना न्यायालयाने निकाल देऊन टाकला. (फौजदारी खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडलं. तो स्वतंत्र विषय आहे. फौजदारी कटाचा पुरावा आणि धोरणातली मनमानी या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.)

चाको समितीचा अहवाल २७ सप्टेंबर २०१३ रोजी १६ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारला गेला. राजांनी पंतप्रधानांची दिशाभूल केली, असा त्याचा सूर होता. पंतप्रधान आणि चिदंबरम यांच्यावर ठपका नव्हता. भाजप आणि डाव्यांनी विरोधात मत दिलं. विरोधात द्रमुकही होता. अडीच वर्षांपूर्वी लोकलेखा समितीत काँग्रेसबरोबर हात वर करून जोशींचा मसुदा पाडणारा हाच पक्ष. मार्च २०१३ मध्ये श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून तो सरकारमधून बाहेर पडला होता. स्पेक्ट्रमबद्दलच्या फाइली त्या काळात बदलल्या नव्हत्या.